पाटीलकी गेली, पाटील राहिले



आपल्या नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावाच्या पारावर उभे राहून नुसते “ओ पाटील!” म्हणा, चार-पाच माना तरी वळतील. “देशमुख” म्हणालात तर आणखी दोन-तीन वळतील. त्यात एखाद्याकडे शंभर एकर असतील, एखाद्याकडे दीड एकर, आणि एखादा दुसऱ्याच्या शेतात सालाने असेल. नाव मात्र सगळ्यांचे सारखेच. हे नाव आले कुठून, त्याच्या मागे काय होते, त्यातले आज काय उरले आहे आणि ते कसे वापरावे, याविषयी या वेळी बोलू. हा विषय शेतीचा नाही असे कुणाला वाटेल. पण या नावांपायी शेतीचे कागद अडतात, जमिनीचे सौदे फसतात आणि लेकी-बहिणी वाट्यापासून दूर राहतात. म्हणून तो शेतीचाच आहे.

पहिली गोष्ट ही की पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही मुळात आडनावे नव्हती. हे हुद्दे होते. आज आपण तहसीलदार किंवा ग्रामसेवक म्हणतो तसेच. फरक एवढाच की हा हुद्दा बापाकडून मुलाकडे जाई. देशमुखातला ‘देश’ म्हणजे आपला भारत देश नव्हे, परगणा. पाच-पन्नास गावांचा मिळून परगणा होई. त्याचा मुख्य तो देशमुख आणि त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे. परगण्याला जसे हे दोघे, तसे गावाला पाटील आणि कुलकर्णी. जुन्या फारसी वळणाच्या कागदांत पाटलाला ‘मोकदम’ म्हटलेले सापडते.

आपल्याकडे निजामाचे राज्य होते, त्यामुळे आपली नावे पश्चिम महाराष्ट्राहून थोडी वेगळी पडली. कुलकर्ण्याला आपण पटवारी म्हणायचो. गावाला पाटील एक नव्हे, दोन असत. एक मालीपाटील आणि दुसरा पोलीसपाटील. मालीपाटील म्हणजे माळी समाजाचा पाटील, असे पुष्कळ तरुणांना वाटते. तसे नाही. उर्दूत ‘माल’ म्हणजे सरकारी सारा, महसूल. सारा वसूल करणारा तो मालीपाटील आणि चोऱ्यामाऱ्या, पंचनामे, गावचा बंदोबस्त पाहणारा तो पोलीसपाटील.

हे हुद्दे एका जातीचेही नव्हते. मराठा पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, इतर समाजांतलेही आहेत. मुस्लिम घरांत तेच नाव ‘पटेल’ म्हणून चालते. देशमुख मराठा आहेत, ब्राह्मण आहेत, मुस्लिमही आहेत. किनवट-मुखेडकडच्या बंजारा तांड्यांवर नायक आणि कारभारी आहेत, तीही पिढीजात पदेच. तेव्हा आडनाव पाहून जात ठरवू नये. जातीचा दाखला काढताना आडनाव पुरावा ठरत नाही. शाळेच्या निर्गम उताऱ्यातली आणि महसुली कागदांतली जातीची नोंद पाहिली जाते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळच्या नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावची दप्तरे उघडली आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली.

आता या हुद्द्याची घडण पाहा. त्याला वतन म्हणत. वतन म्हणजे तीन पेडांची दोरी होती: काम, दाम आणि मान.

काम म्हणजे जबाबदारी. पाटलाने नुसते लोडाला टेकून बसायचे नसे. गाव वसते ठेवणे त्याच्याकडे होते. दुष्काळाने कुळे पांगली की त्यांना परत आणायचे, पड जमीन वहितीला आणायची, नव्या कुळाला पहिली काही वर्षे कमी साऱ्याचा कौल मिळवून द्यायचा. बांधाचे भांडण आले की पंच बसवायचे. सारा थकला की सरकारचा माणूस आधी पाटलाच्याच दारात येई. गावाच्या बाकीपायी पाटलालाच अडकवून ठेवण्याची पाळीही येई.

दाम म्हणजे या कामाचा मोबदला. कुठे इनाम जमीन, कुठे रयतेकडून ठरलेला हक्क, कुठे वसुलातला हिस्सा. त्या हिश्श्याला आपल्याकडे रुसूम म्हणत.

मान म्हणजे पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा, होळी पाटलाने पेटवायची, दसऱ्याला शिलंगणाला पुढे पाटील, लग्नात पहिला टिळा पाटलाला.

या मानाची गोडी केवढी होती याचा एक दाखला देतो. महादजी शिंदे हे सातारा भागातल्या कण्हेरखेडच्या पाटलाच्या घराण्यातले. त्यांनी उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा दरारा बसवला. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाच्या दरबारात वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाच्या वतीने सगळा कारभार पाहणारा, हे पद त्यांच्या हाती आले. तरी लोक त्यांना ‘पाटीलबाबा’ म्हणत आणि त्यांनाही आपले पाटीलपण मिरवणे आवडे. दिल्लीचे पद आज आहे, उद्या नाही, गावची पाटीलकी मात्र नातवाच्याही हाती राहील, असा त्या काळचा हिशेब होता.

पण काळापुढे तो हिशेब टिकला नाही. दोरीचे पेड एकेक करून सुटत गेले.

आपल्याकडे पहिला घाव देशमुख-देशपांड्यांच्या कामावर बसला. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. जिल्हे आखले, तालुके पाडले, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले. सारा गोळा करण्याचे काम देशमुखाच्या हातून गेले आणि त्याबदल्यात त्याला रुसूम ठरवून मिळाले. म्हणजे आपल्या देशमुखांचे काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच सुटले, दाम आणि मान मागे राहिले. काम नसताना दाम मिळू लागला की माणसाचे काय होते, हे गावोगावच्या पडक्या गढ्या सांगतात. ज्या गढीच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींनी एकेकाळी परगणा राखला, तीच माती पुढे लोकांनी माळवदावर टाकायला उकरून नेली.

मग १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. १९५२ आणि १९५४ च्या कायद्यांनी रोख नेमणुका आणि बहुतेक इनामे रद्द झाली. दामाचा पेड तिथे तुटला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यानंतर १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पदच रद्द झाले. पटवाऱ्याच्या जागी पगारी तलाठी आला. त्याचे पदनामही आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, तोंडात मात्र तलाठीच राहिले.

एक पद तेवढे उरले, ते पोलीस पाटलाचे. पण तेही घराण्याचे राहिले नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने ते नेमणुकीचे केले. आता जागा निघते, अर्ज होतात, परीक्षा होते, आरक्षण लागते आणि प्रांतसाहेब नेमणूक देतात. त्यामुळे आज एखाद्या गावची पोलीस पाटील मजुराची लेक असू शकते आणि गावातले पंचवीस ‘पाटील’ तिच्याकडे दाखल्यासाठी येऊ शकतात. ज्या घरात कधी पाटीलकी नव्हती त्या घरात आज खरी पाटीलकी आहे, आणि ज्यांच्या नावात पाटील आहे त्यांच्याकडे ती नाही.

वरचा हुद्दाही आता कुणी घराण्याला देऊ शकत नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारला किताब देण्याची मनाई केली आहे. लष्करी आणि विद्येचे किताब तेवढे वगळले आहेत.

काम गेले, दाम गेला, मान काही केल्या सुटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. मान राहायला हरकत नाही. पण त्या पिळात चार ठिकाणी आपला पाय अडकतो, तेवढे सांगतो.

पहिले ठिकाण कागदाचे. आजोबांच्या सातबाऱ्यावर आडनाव ‘पाटील’, बापाच्या शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव ‘जाधव’ आणि मुलाच्या आधारवर पुन्हा गावाचे नाव लावून तिसरेच. मोठ्या माणसांचे हे निभावते. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर ही नावे आपण सगळे ओळखत आलो. तुमचे-माझे मात्र संगणकापुढे निभावत नाही. तीच गत ‘राव’ची. सातबाऱ्यावर ‘माधवराव’ आणि आधारवर नुसता ‘माधव’. ‘राव’ हीसुद्धा मुळात मानाची जोडच. आपण ती बारशालाच लावून टाकली. २०१९ पासून पीएम-किसानचे पैसे नाव जुळले की जमा होतात, नाही जुळले की थांबतात. २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तिथेही सातबारा आणि आधार जुळवून पाहतात.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक आणि शाळेचा दाखला जमिनीवर ओळीने मांडा. घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल तिला वाचायला सांगा. नावात जिथे फरक असेल तिथे खूण करा. लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुन्या फेरफाराची नक्कल जोडा. आडनावच बदलायचे असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. एक आडनाव ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. पाटील ठेवा नाहीतर जाधव ठेवा, पण एकच ठेवा. आणि ‘पाटील’ हे ‘पाटिल’ होणार नाही, तेवढे वेलांटीकडे लक्ष द्या.

जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असले तर रद्दीत टाकू नका. त्यावर फसली सन असेल, तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा आपल्याकडच्या जमिनीचा मोठा आधार आहे. त्याची नक्कल काढून ठेवलेली बरी.

दुसरे ठिकाण जमिनीच्या सौद्याचे. समोरचा इनामदार, देशमुख, मोठे घराणे, म्हणून लोक डोळे मिटून इसार देतात. नाव मोठे असले म्हणजे जमिनीचा हक्क चोख असतो असे नाही. पुष्कळदा उलटे असते. निजामकाळात एखाद्या घराला निर्वाहासाठी दिलेली जमीन ती मदतमाश आणि देवस्थानाच्या किंवा अशाच सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. अशा जमिनींच्या विक्रीवर सरकारची बंधने आली आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेले दिसले किंवा इतर हक्कांच्या रकान्यात इनामाचा उल्लेख दिसला, तर तहसीलमध्ये विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. परवानगीवाचून झालेला सौदा पुढे सरकारजमा होण्याची भीती असते. पैसे गेले, जमीन गेली आणि कोर्टकचेरी मागे लागली, अशी घरे प्रत्येक तालुक्यात सापडतील. वाडा पाहून नव्हे, फेरफार पाहून जमीन घ्यावी.

तिसरे ठिकाण लेकीचे. इथे जरा नीट ऐका. हुद्दा बापाकडून मुलाकडे गेला, नाव मुलाकडे गेले, म्हणून जमीनही मुलाकडेच जाते, असा आपला पक्का समज झाला आहे. मुलगी लग्न होऊन गेली, तिचे आडनाव बदलले, आता ती पाटलाची नाही, मग तिला पाटलाची जमीन कशाला? पण कायदा आडनावाला वाटा देत नाही, जन्माला देतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्याने मोडत नाहीत.

मोठ्या नावाच्या घरांत हा विषय काढणेच कमीपणाचे मानतात. भाऊबीजेला बहिणीला साडी देतात आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. बहिणीने समजून-उमजून, राजीखुशीने सोडले तर तो तिचा प्रश्न. पण “देशमुखाच्या लेकी वाटा मागत नसतात” असे म्हणून तिचे तोंड बंद करणे हा मान नव्हे. तिने मागावे की नाही हे तिला ठरवू द्या. आणि तिच्या वाट्याचे बोलणे तिच्यासमोर करा, तिच्या माघारी नको.

याच घरांत आणखी एक रीत होती. थोर घराण्यातली सून शेतावर जात नसे. तिला बांध माहीत नाही, विहीर माहीत नाही, कुणाकडे किती उधारी आहे ते माहीत नाही. उद्या घरचा कर्ता माणूस अचानक गेला तर याच बाईला सावकार, बँक आणि भाऊबंद यांना तोंड द्यावे लागते. हे आपल्या भागाने फार पाहिले आहे. सुनेला बांध दाखवा. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ज्या घरात “पाटलीणबाई” म्हणून आपण तिला मान देतो, त्या घराच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसावे हे काही बरे नाही.

चौथे ठिकाण बाजाराचे. आडतीवर तुमचे सोयाबीन उतरले, तुम्ही ओलाव्याच्या कपातीबद्दल विचारले, की आडत्या हसून म्हणतो, “पाटील, तुमच्यासारख्यांनी दोन किलोसाठी घासाघीस करायची होय?” तुम्ही लाजता आणि गप्प बसता. त्या एका हाकेत पोत्यामागे दोन किलो गेले. दुकानात खताची पावती मागितली की, “देशमुख, आपला काय परक्याचा व्यवहार आहे का?” पावती राहिली आणि उद्या बियाणे उगवले नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? लग्नाच्या बैठकीत हेच होते. “पाटलाच्या घरचं लग्न आहे” एवढे एक वाक्य पुरते आणि एक एकर गहाण पडते. जेव्हा कुणी तुमचा हुद्दा काढून तुम्हाला फुगवतो, तेव्हा हात आपल्या खिशावर ठेवा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत करून घेऊ नका.

मग हे नाव टाकूनच द्यायचे काय? नाही. बाप-आजाचे नाव आहे, आनंदाने लावा. वयस्कर शेतकऱ्याला “पाटील” म्हणून हाक मारणे ही आपल्याकडची गोड रीत आहे, तीही चालू ठेवा. त्याच्या सातबाऱ्यावर एक एकर असो की नसो, तो पाटील म्हणवून घेण्याच्या लायकीचा आहे. पण ज्या आजोबाला आपण पाटील म्हणून हाक मारतो, त्याच मानाने शेजारच्या वस्तीतल्या आजोबालाही हाक मारा. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एकेरी नावाने हाकारले त्याच्या कानाला ‘राव’ किती गोड लागतो, ते एकदा पाहा.

आणि पाटलाचे जुने काम अजून गावात पडून आहे, तेही आठवा. पड जमीन वहितीला आणणे हे पाटलाचे काम होते. आज नाल्यावर बांध घालण्यासाठी जो चार घरे फिरून लोक गोळा करतो, तो ते काम करतो. बांधाचे भांडण मिटवणे हे पाटलाचे काम होते. जो दोन भावांना कोर्टाच्या पायरीवरून परत आणतो, तो ते काम करतो. टंचाईत गाव पांगू न देणे हे पाटलाचे काम होते. बचत गटाच्या ज्या बाईने अडलेल्या घराला वेळेवर दोन हजार रुपये दिले, ती ते काम करते. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून ज्या गावात दरसाल काठ्या निघतात, त्या गावाने एक करून पाहावे. त्या साली गावासाठी ज्याने जास्त केले त्याच्या बैलाला पहिला मान द्यावा. पुढल्या साली तो मान मिळवायला जी चढाओढ होईल, तिच्यात कुणाचे डोके फुटणार नाही.

आपल्याच धंद्यातला दाखला घ्या. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव वाचून आपण पेरत नाही, उगवण पाहून पेरतो. नामांकित पिशवीतले बी कुजके निघते आणि घरच्या गाडग्यातले ठणठणीत उगवते. माणसाच्या नावाचेही तसेच समजा.

बियाण्याचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या खेपेला घरच्या सोयाबीनच्या उगवण चाचणीविषयी सांगेन. तोवर शंभर दाणे न निवडता मोजून काढा, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळून सावलीत ठेवा आणि गोणपाट वाळू देऊ नका. सातव्या-आठव्या दिवशी सत्तर किंवा जास्त चांगले कोंब निघाले तर ते बी पेरायला हरकत नाही.